एमिलीची माय कोठी गेली?

तुम्ही आखाजीला धुळ्याला गेलात आणि इकडे आमच्या गच्चीवर जे झालं ते हुकलं तुमचं, वहिनी. थांबा, हे कुरडयांचं ताट भिंतीवर टेकवते आणि सांगते. नाही हो, भांडण नाही. सिनेमा. तोसुद्धा अवघा सतरा मिनिटांचा. पण गल्ली अजून त्यावरच बोलते आहे. सकाळी दूधवालासुद्धा विचारत होता, की तो डब्यातला म्हातारा म्हणजे नक्की काय प्रकार?

आमच्या नणंदबाई आखाजीला आल्या होत्या ना, त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा. तोच, पुण्याला ॲनिमेशन शिकतो तो. आल्या दिवसापासून आक्कांच्या मागे लागला होता, आजी, तुला एक भविष्यातली गोष्ट दाखवतो. आक्का म्हणाल्या, भविष्य मले दिसून ऱ्हायलं, तू तुझी गोष्ट दाखव. मग कुणाकडून तरी प्रोजेक्टर आणला, दोरीवर पांढरी चादर ताणली, रात्री जरा वारा सुटल्यावर सतरंज्या टाकल्या. समोरचे नाना आले, मागच्या गल्लीतले सर आले, आणि पोरंटोरं तर न बोलावता आली.

"इंग्लिश होता?"

इंग्लिशच. 'वर्ल्ड ऑफ टुमॉरो' नाव. डॉन हर्ट्झफेल्ट म्हणून एक अमेरिकन माणूस आहे, त्यानं स्वतः चित्रं काढून २०१५ साली आणला. चित्रं म्हणजे काय, तर काड्या. गोल डोकं, दोन ठिपक्यांचे डोळे, खाली काडीचे हातपाय. नाना पहिल्याच मिनिटाला म्हणाले, अरे, हे तर आमचा नातू गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर काढतो, त्याला मास्तर मारतात आणि ह्याला बक्षीस? आणि बक्षीस साधं नाही बरं का. सनडान्स म्हणून तिकडे मोठा महोत्सव असतो, तिथं लघुपटांतलं सगळ्यात वरचं बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी ऑस्करच्या शेवटच्या पाचांतही गेला, पण ऑस्कर गेलं चिली देशाच्या 'बेअर स्टोरी'ला. भाचा म्हणाला, त्यात एक अस्वल आहे, सर्कसवाले त्याला घरातून उचलून नेतात, आणि ती गोष्ट करणाऱ्याच्या मनात त्याचे स्वतःचे आजोबा होते, हुकूमशाहीत देश सोडावा लागलेले. आक्कांना हे लगेच पटलं. म्हाताऱ्याची गोष्ट केली म्हणून जिंकलं म्हणाल्या.

तर गोष्ट अशी. एमिली नावाची चार-एक वर्षांची पोरगी घरात खेळते आहे. समोरचं यंत्र वाजतं, ती जाऊन बटणं दाबते, आणि पलीकडे एक बाई. ती बाई सांगते, मीही एमिलीच, तुझ्या क्लोनची क्लोन, तिसऱ्या पिढीतली, २२७ वर्षांनंतरच्या काळातून बोलते आहे. आणि मग पोरीला आपल्या काळात फिरवायला नेते. पोरीला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बाई मरणाबिरणाचं बोलते, आणि ही आपल्याच नादात भलतंच काही बोलते.

"मग तुमच्या आक्कांना काय कळलं असेल!"

सगळ्यात जास्त त्यांनाच कळलं म्हणून तर सांगते आहे. पण आधी नानांचं ऐका. भाचा थांबवून समजावायला लागला, की क्लोन म्हणजे एकाच जिवाची हुबेहूब दुसरी प्रत. नानांनी हात वर केला. म्हणाले, भाऊ, तू सावद्याला ये एकदा, तुला हजारो एमिली उभ्या दाखवतो. खरंच आहे ना! केळीला बी कुठे लावतो आपण? पूर्वी कंद लावायचे, आता टिश्यू कल्चरची रोपं येतात, प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत वाढवलेली. जी-नाईन, म्हणजे ग्रँड नैन; इथून रावेरपर्यंत बागेत शिरा, बहुतेक खोडं एकाच झाडाच्या प्रती. बसराई आणि श्रीमंती आता शोधावी लागते. लोकांना वाटतं, क्लोन म्हणजे अमेरिकेतलं काहीतरी. अहो, आपण सकाळी क्लोन सोलून दुधात कुस्करतो.

आणि पुढचं नाना बोलले त्यावर भाचा वही काढून बसला. सिनेमात ती तिसरी एमिली जरा बिघडलेली आहे. बोलणं सपाट, हसणं नाही. मधेच आपण कशाकशाच्या प्रेमात पडलो ते सांगते, तर आधी एक दगड, मग पेट्रोलचा पंप! पोरं खो-खो हसली. नाना हसले नाहीत. म्हणाले, कंदावरनं कंद, कंदावरनं कंद घेत गेलं की असंच होतं. रोग आत साचत जातो. बाहेरून खोड दिसायला तेच, पण घड लहान पडतो. तेवढ्यासाठीच तर टिश्यूची रोपं आली, की पुन्हा स्वच्छ सुरुवात. पण सगळी सारखी म्हटल्यावर हरण्या आला, सीएमव्ही हो, की एकाला लागतो तो सगळ्यांना. उपटून बांधाबाहेर फेकायची, दुसरा इलाज नाही. सर म्हणाले, हे जगभर झालंय. साठ-एक वर्षांपूर्वीपर्यंत परदेशात ग्रॉस मिशेल नावाची केळी खायचे, ती पनामा मर रोगानं बाजारातून गेली. सगळी एकसारखीच होती म्हणून. गच्चीवर जरा वेळ केळीच चालली होती, आणि चादरीवर ती बाई तोंड उघडं ठेवून थांबलेली.

"सर बोलले म्हणजे काहीतरी चूक काढली असेल."

काढली ना. त्यांचं म्हणणं, क्लोनला मूळ माणसाच्या आठवणी येतीलच कशा? डॉली मेंढी १९९६ साली जन्मली, तिला काय आधीच्या मेंढीचा गोठा आठवत होता? भाच्यानं सांगितलं, सर, ते त्यांनी धरलंय. दर पिढीला आठवणी वेगळ्या भरतात, यंत्रातून. मग सर जरा मवाळले. तरी नारळीकरांचं नाव निघालंच. सरांचं दैवत ते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी खोट्या नावानं गोष्ट पाठवली होती, माहीत आहे का तुम्हाला? नारायण विनायक जगताप! स्वतःची जयंत विष्णु नारळीकर ही आद्याक्षरं उलटी करून. का, तर मोठा शास्त्रज्ञ म्हणून बक्षीस नको, गोष्ट बरी असेल तर द्या. आणि मिळालं. सर म्हणतात, त्यांच्या गोष्टीत विज्ञान उपटलं तर गोष्ट कोसळते. ह्या पोराच्या सिनेमात विज्ञान काढलं तरी रडू येतंच, मग ही विज्ञानकथा कशी? मला विचाराल तर सरांना राग ह्याचा आला, की त्यांना रडू आलं.

पण चंद्राच्या ठिकाणी सर एकदम खूष. त्या काळात चंद्रावर कामाला यंत्रमाणसं ठेवलेली आहेत. उन्हावर चालतात. त्यांना मरणाची भीती भरून दिली आहे, म्हणजे अंधारात गेलं की संपलो, अशी. म्हणून ती बिचारी उजेडाच्या मागे मागे चंद्रभर चालत सुटली आहेत. काम संपलं, माणसं विसरून गेली, तरी चालतातच, आणि वर दुःखी कविता करून पाठवतात. मी म्हटलं, बघा, इथे भुसावळ-जळगावात पारा पंचेचाळिसाला टेकला की माणूस भिंतीच्या कडेनं सावली शोधत जातो, आणि तिथे यंत्रं उन्हामागे धावतात! सरांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. चंद्राचा घेर जवळजवळ १०,९०० किलोमीटर, आणि तिथला दिवस-रात्र मिळून आपले साडेएकोणतीस दिवस. भागलं तर उजेडाची कड ताशी पंधरा किलोमीटरनं सरकते. म्हणजे चालून नाही भागायचं, पळावं लागेल. पण सायकलवर सहज गाठता येईल, आणि ध्रुवाकडे गेलं तर चालतही. आमच्या भाच्याला हे माहीत नव्हतं. सिनेमा करणाऱ्यालाही माहीत असेल-नसेल.

"आणि डब्यातला म्हातारा?"

सांगते, सांगते. ती कुरडई जरा आत सरकवा, कावळा बसलाय बघा. तर त्या काळात माणूस मरायला टेकला की त्याचं मन काढून एका चौकोनी डब्यात ठेवतात. शरीर गेलं तरी आजोबा डब्यात जिवंत. बोलतात, पत्रं पाठवतात. आणि पत्रात काय, तर नुसता आकांत. अरे देवा, अरे देवा, एवढंच. पोरं हसली, कारण ते ज्या पद्धतीनं वाचून दाखवलंय ते हसण्यासारखंच आहे. आक्का मात्र उठून बसल्या. बंद कर म्हणाल्या. भाच्याला वाटलं घाबरल्या. घाबरायच्या कसल्या! चिडल्या होत्या.

आदल्याच दिवशी आखाजी झालेली. घरात घागर भरली होती, वर डांगर ठेवलं होतं, पुरणपोळी-आंब्याच्या रसाची आगारी टाकली होती. आक्का म्हणाल्या, आपण वर्षातून एक डाव बोलावतो. ये, पाणी पी, जेव, अन् जाय. जाऊ द्या लागते. ह्या लोकांनी म्हातारा कोंडून ठेवला, त्याले ना पाणी ना घास, अन् वरून पत्रं लिहायले लावता? रडंल नाही तं काय करंल तो? भाचा म्हणाला, आजी, पण ते अमर आहेत. आक्का म्हणाल्या, अमर तं अश्वत्थामा बी आहे, सातपुड्यात तेल मागत फिरतो म्हणता.

वहिनी, मी ह्या सिनेमावर इंग्लिशमध्ये लिहिलेलं बरंच काही नंतर भाच्याच्या फोनवर वाचलं. मोठमोठे लोक, मोठमोठे शब्द. डब्याबद्दल इतकं नेमकं मला कुठे सापडलं नाही.

"आमच्याकडचं वेगळं. आमच्याकडे हा सिनेमा आला असता तर माझा भाऊ म्हणाला असता, हाई काय शे, ह्याच्यापेक्षा आमनं मालेगाव बरं."

तेच! मालेगावचं मी काढणारच होते, तुम्हीच काढलंत. धुळ्याहून कितीसं ते?

"पन्नासेक किलोमीटर. एसटीनं तासभर. भावानं 'मालेगाव का सुपरमॅन' बघितलाय ना. तो शफीक, यंत्रमागावर काम करणारा, अंगानं हा एवढासा, हाडं मोजून घ्या. त्याला निळा-लाल पोशाख घातला आणि ट्रकच्या बाजूला हिरवा कपडा ताणून त्याच्यासमोर आडवा धरला. मग कॉम्प्युटरवर हिरवं काढून टाकलं आणि खाली मालेगाव घातलं. झाला उडायला! भाऊ म्हणतो, थेटरात पडद्यावर तो उडाला तेव्हा शिट्ट्यांनी कान बसले. सगळ्यांना दिसत होतं कसं केलंय ते. तरी शिट्ट्या."

नासिर शेखनं केला ना तो? फैजा अहमद खान बाईंनी तो करतानाचा माहितीपट २००८ साली केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. तो शफीक पुढे कॅन्सरनं गेला. २०२५ मध्ये रीमा कागतींचा हिंदी सिनेमाही येऊन गेला त्यांच्यावर.

"हो. तो बघून आई म्हणाली, ह्यात पोरं फार गोरी शेतस."

हं, तर माझं म्हणणं एवढंच आहे, की काड्यांची माणसं बघून आपल्याकडे कुणी नाक मुरडलं नाही, नाना सोडून, आणि तेही एक मिनिटभर. का? कारण हिरव्या कपड्यासमोर आडवा धरलेला सुपरमॅन उडतो हे इकडच्या माणसानं एकदा कबूल केलेलं आहे. करणाऱ्यानं अर्धं करायचं, बघणाऱ्यानं अर्धं. मल्टिप्लेक्समध्ये तीनशे रुपये देऊन बसलेला माणूस आपलं अर्धं करायला तयार नसतो, त्याला सगळं शिजवून ताटात हवं. भाच्याला मी हे बोलले तर त्यानं फाळके काढले. फाळक्यांनी म्हणे 'आगकाड्यांची मौज' नावाचा एक तुकडा केला होता, आगपेटीतल्या काड्या हलवून हलवून. म्हणजे आपल्याकडे सुरुवातच काड्यांनी! आणि त्याच्याही आधी, 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे उभे करायचे तर लोकांना विश्वास कसा बसणार, म्हणून १९१२ साली कुंडीतला वाटाणा रोज थोडा थोडा चित्रित करत गेले, आणि पडद्यावर कोंब भराभर वर आला. तेवढं बघून माणसं पैसे द्यायला तयार झाली. बघितलं की विश्वास बसतो म्हणतात ते हे.

"पण मग रडू कशानं आलं? काड्यांनी तर येत नाही."

आवाजानं. ती छोटी एमिली बोलते ना, तो आवाज त्या हर्ट्झफेल्टच्या भाचीचा आहे. विनोना नाव, चार वर्षांची होती तेव्हा. चार वर्षांच्या पोरीला संवाद पाठ करून म्हणायला सांगा बघू! म्हणून त्यानं सांगितलंच नाही. ती चित्रं काढत बसायची, खेळायची, हा शेजारी बसून गप्पा मारायचा आणि ध्वनिमुद्रण चालू ठेवायचा. नंतर तिच्या बडबडीतून तुकडे निवडले आणि गोष्ट त्यांच्याभोवती बेतली. म्हणून ती पोरगी प्रश्नाला भलतंच उत्तर देते आणि ते खरं वाटतं. भाच्यानं हे सांगितल्यावर सर हळूच म्हणाले, आसोद्याची गोष्ट झाली की ही. बहिणाबाईंना कुठे लिहिता येत होतं? शेतात, जात्यावर, काम करता करता म्हणायच्या, आणि सोपानदेव आणि घरातली माणसं ते कागदावर टिपून ठेवायची. बाई गेल्या १९५१च्या डिसेंबरात, आणि पुढच्या वर्षी अत्र्यांनी पुस्तक काढलं. टिपलं नसतं तर तेही गेलं असतं वाऱ्यावर. सरांचं हे मला एकदम पटलं. पटलं नाही ते एवढंच, की भाचा लगेच म्हणाला, म्हणजे बहिणाबाईही एक प्रकारे अपलोडच झाल्या. पुण्याला पाठवलं की पोरं असं बोलायला लागतात. डब्यातला आजोबा आणि पुस्तकातली बहिणाबाई एक नव्हे. आजोबा स्वतःला राखायला बसला आहे. बहिणाबाईंना आपलं राखायचंय हे ठाऊकही नसेल.

काय काय आहे हो त्यात. एक माणूस लहानपणापासून काचेच्या नळीत, बिनमेंदूचा, संग्रहालयात मांडलेला. लोक येतात, त्याला वाढताना बघतात, स्वतः म्हातारे होतात. ते बघून माझ्या नणंदबाई उठून खाली गेल्या. आणि शेवटी उल्का येऊन पृथ्वी संपणार असते, तेव्हा श्रीमंतांची सोय आधीच झालेली. बाकीचे स्वस्तातला कालप्रवास करतात, त्यात गणित चुकतं आणि ते आकाशातच कुठेतरी उगवून जळत खाली पडतात. रात्री आभाळ छान दिसतं म्हणे त्यानं.

"म्हणजे जनरल डब्यातल्यांचं तिथेही तेच."

अगदी हेच पोरं म्हणाली, भुसावळचं नाव घेऊन!

आता आक्कांचा खरा मुद्दा. सिनेमा संपला, चादर पांढरी झाली. भाचा सगळ्यांच्या तोंडाकडे बघतोय, मोठा अर्थबिर्थ निघेल म्हणून. आक्का म्हणाल्या, मले एक सांग. ह्या एमिलीची माय कोठी गेली? भाचा म्हणाला, माय नाही त्यात. आक्का म्हणाल्या, कशी नाही? चार वर्षांचं लेकरू घरात एकटं, यंत्राले हात लावून ऱ्हायलं, कोणी परकी बाई येऊन त्याले चंद्रावर घेऊन गेली, अन् माय कोठी आहे ते कोणी इचारत नाही? वहिनी, मी ते इंग्लिशमधलं सगळं वाचलं ना, त्यात हा प्रश्न मला दिसला नाही. काळ, मरण, स्मृती, सगळ्यावर लिहिलंय. पोरीला घरात एकटं कुणी सोडलं, ह्यावर अवाक्षर नाही.

आणि आक्कांच्या मते तो विसर नाही. कारण ती मोठी एमिली एवढ्या लांबून आली कशाला होती, माहिती आहे? शेवटी पोरीच्या डोक्यातून एक आठवण काढून घ्यायला. आईबरोबर चालत गेल्याची. तेवढी एकच आठवण तिला जग संपायच्या आधी स्वतःजवळ हवी असते. काढते, आणि पोरीला तिच्या घरी परत सोडते. पोरगी आनंदात, तिला काय गेलं ते ठाऊकच नाही. आक्का म्हणाल्या, चोर आहे ती बाई. सोनं नेलं असतं तरी चाललं असतं. सोन्याच्या जळगावात राहून म्हणाल्या हे, बघा. सर म्हणाले, आठवण काढून घेतली म्हणजे हानी झालीच. नाना म्हणाले, मुख्य खोडाचं खाऊन बाजूला फुटलेला पील वाढतो, हे चालायचंच. मी आक्कांच्या बाजूची. काय हो, तुम्ही गप्प का?

"मी बघितलेला नाही, ताई, पण मला काही ती चोर वाटत नाही."

का?

"तिसऱ्या पिढीची क्लोन म्हणजे ती आपल्याच प्रतीपासून झालेली ना?  मग तिला माय कुठून असणार? तिच्यापाशी सगळ्यांच्या आठवणी भरलेल्या, आणि तिची स्वतःची माय म्हणून कुणीच नाही. मी परवा धुळ्याहून निघाले, आईनं पिशवीत बिबडे, लोणचं, आंबे, काय काय कोंबलं. एसटी हलली तरी खिडकीतून आणखी एक पुडी. हिला जग संपेपर्यंत तसं कुणीच नाही. म्हणून आली असेल लांबून. दुसरीकडे कुठे जाणार होती ती?"

तुम्ही हे आधी का नाही बोललात! आता हे आक्कांना... आक्का, ऐकलं का? ह्या वहिनी काय म्हणताहेत? खिडकीत बसून सगळं ऐकत असतात त्या, तुम्हाला वाटतं झोपल्यात. काय म्हणालात, आक्का? जरा मोठ्यानं.

"म्हटलं, मंग त्या पोरीले जेवाले तरी थांबवायचं व्हतं, वं. एवढ्या लांबून आली, अन् उपाशी वापस गेली."